विकासनगरची वेस

“ह्याला गाव म्हन्तेत? आवं, गावाला मसणवटा लागतो. कुठाय तुमच्या गावाचा मसणवटा?”

“नगरपालिकेचा हाय की.”

“म्हंजे जित्तेपणी गावचे आन् मेल्यावर नगरपालिकेचे?”

“तुला हरएक गोष्टीत पयलं मसणच कसं दिसतंय गं?”

“बरं, मसण ऱ्हाऊ द्या. शिवार दाखवा.”

किशनरावांनी खिडकीबाहेर हात केला. खिडकीबाहेर नाली, नालीपलीकडं कुणीतरी प्लॉट घेऊन सोडून दिलेली जागा, तिच्यात गाजरगवत आणि गाजरगवतात उभी एक म्हैस. शिवार म्हणून त्यांनी हात केला होता खरा, पण म्हशीनं नेमकं त्याच वेळी शेपूट वर केलं आणि किशनरावांनी हात आत घेतला.

बायनाबाई सुपात ज्वारी निवडत होत्या. नवऱ्याशी भांडताना त्यांचे हात थांबत नसत, उलट जास्तच भरभर चालत. भांडणाच्या दिवशी ह्या घरात भाकरीत खडा म्हणून लागायचा नाही.

“पार न्हाई, चावडी न्हाई. पारावर बसायजोगं रिकामं माणूस एक हाय, ते बी माझ्याच घरचं,” त्या म्हणाल्या. “आन् पाटील कोण म्हने ह्या गावचा?”

ह्या प्रश्नावर किशनरावांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि भिंतीवरच्या आरशात एकदा बघून घेतलं.

“असं म्हना की मंग,” बायनाबाई म्हणाल्या आणि सूप पाखडलं.

किशनराव मूळचे झरीचे. झरीच्या पाटील घराण्याशी त्यांचं नातं होतं, पण लांबच्या भाऊबंदकीचं; म्हणजे भांडणापुरतं जवळचं आणि मानापुरतं दूरचं. हे दूरपण वर्षभर कुणाच्या ध्यानात येत नसे. पोळ्याला येई. पोळ्याच्या दिवशी सगळ्या गावाचे बैल वेशीबाहेर जमत. वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण. पहिला बैल मानाचा, पाटलाचा. तो तोरणाखालून गेला की मग बाकीचे, आपापल्या पायरीनं. किशनरावांच्या घरचा बैल शेपटाकडं उभा असायचा. त्याच्या मागं मग ज्यांचे बैल सगळ्यांच्या शेवटी यायचे त्यांचे बैल. त्यांच्याकडं कुणी बघत नसे, किशनराव तर मुळीच बघत नसत. विशीत असताना एका पोळ्याला त्यांनी गर्दीचा फायदा घेऊन आपला बैल हळूच पुढं सरकवला होता. चुलतभाऊ बन्सीधरनं कासरा धरून बैल सगळ्यांच्या देखत माघारी आणून उभा केला, आणि वर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “जनावराचा काई कसूर न्हाई.” सगळा गाव हसला. किशनरावांनी त्या साली पुरणपोळी खाल्ली नाही, आणि पुढल्या साली एसटीत कंडक्टर म्हणून लागले.

एसटीनं त्यांना सगळं दिलं. खाकी कपडे, चामड्याची पिशवी आणि दोरी. दोरीला घंटी. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. ज्या माणसाच्या बैलाला गावात पुढं सरकायची मुभा नव्हती त्याच्या एका टोल्यावर आता पाटील असो की तहसीलदार, अख्खी गाडी थांबत होती. हा टोला त्यांच्या अंगात मुरला. घरी चहा पाहिजे झाला की ते तांब्या भिंतीवर एकदा वाजवत. निघायचं झालं की दारावर दोनदा. बायनाबाई सुरवातीला चिडायच्या, मग त्यांचे पाय आपोआप थांबायला आणि चालायला लागले. आपल्याला ह्याची सवय कधी झाली हे आठवून त्यांना पुढं पुढं जास्त चीड यायची.

परभणी ते पालम, परभणी ते झरी, सगळी उमर गावांची नावं ओरडण्यात गेली. एवढी गावं ओरडल्यावर गाव म्हणजे काय ह्याबद्दल माणसाचं काही मत तयार होणारच. किशनरावांच्या लेखी जगात दोनच जागा होत्या: जिथं गाडी थांबते ते गाव आणि जिथं थांबत नाही ते रान. आणि नशिबाचा फेरा असा, की रिटायर झाल्यावर त्यांनी जिंतूर रोडला लागून प्लॉट घेतला त्या विकासनगरला गाडी थांबत नव्हती. त्यांच्याच डेपोची गाडी, त्यांच्याच हाताखाली शिकलेला कंडक्टर, आणि गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत धुरळा उडवत सरळ स्टँडकडं. म्हणजे आपण उमरभर गावं वाटत फिरलो आणि शेवटी उतरलो ते रानात.

त्या दिवसापासून किशनरावांनी गल्लीचं गाव करायला घेतलं.

आधी बलुतेदार नेमले. सांबप्पाचं कोपऱ्यावर किराणा दुकान होतं. त्याला त्यांनी गावचा वाणी म्हणून जाहीर केलं. सांबप्पा म्हणाला, म्या तर बापजाद्यापासून वाणीच हाय. किशनराव म्हणाले, आतापर्यंत तू नुसता होतास, आता नेमलेला हायस. सांबप्पाला फरक कळला नाही, पण किशनराव उधारी वेळेवर देणारं गिऱ्हाईक होते म्हणून त्यानं मान हलवली. ‘न्यू स्टाइल सलून’वाल्यानं मात्र वर्षाच्या पायलीभर ज्वारीवर हजामत करायला साफ इनकार केला. गावात असे एकदोन नाठाळ असतातच, असं म्हणून किशनरावांनी त्याला गावात धरलं.

मग नाव. विकासनगर हे काय नाव आहे? विकास तर कुठं दिसत नव्हता आणि नगर असतं तर नालीवर फरशी असती. नाव पाहिजे ‘नवी झरी’. गल्लीत झरीकडची पाचसात घरं होतीच. बाकीच्यांनी चहा पिऊन होकार दिला. नगरपालिकेत अर्जी गेली.

ही अर्जी सांबप्पाच्या दुकानासमोर वाचून दाखवत असताना सूर्यभान तिथं साखर घ्यायला आला होता. गल्लीच्या तोंडाशी पहिलं घर त्याचं. रेल्वेत खलाशी होता. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या सालच्या दंगलीनंतर बाप लिंबाजी, बायको तानुबाई आणि एक बैल घेऊन तो पालमकडचं आपलं खेडं कायमचं सोडून आला होता, आणि ह्या काळ्या चिखलात सगळ्यात आधी खांब त्यानं रोवला होता. गल्लीत वीज पहिल्यांदा त्याच्याच घरी आली. किशनरावांच्या घराचं बांधकाम चाललं तेव्हा रात्री राखणीला जो दिवा लागे त्याची वायर सूर्यभानच्या घरून आली होती. वायरीला जात नसते.

सूर्यभाननं अर्जी शेवटपर्यंत ऐकली.

“कंडक्टरसाहेब, एक इचारू?”

“इचार की.”

“त्या साली आमी मोर्चात चाललो होतो, तवा पालमच्या गाडीत तुमी म्हन्ला होता, नाव बदलून काय होणार? पोरं पास होणार हायत का? मी मागच्या शिटावर होतो.”

गाडीत कोण कुठल्या सीटवर होतं हे किशनरावांना कधीच आठवत नसे. तिकीट फाडलं की माणूस संपला. पण हे वाक्य त्यांना आठवलं, कारण ते त्यांनी एकदा नाही, पुष्कळदा म्हटलं होतं. सात-आठ वर्षं झाली, विद्यापीठाचं नाव अजून होतं तेच होतं, आणि किशनरावांचंही मत होतं तेच होतं.

“ती गोष्ट येगळी,” ते म्हणाले. “ते इद्यापीठ हाय. हे गाव हाय. गावाची इज्जत नावात असती.”

सूर्यभाननं साखरेचा पुडा घेतला आणि घरी गेला. सांबप्पा तराजूच्या पारड्यात उगाच फुंकर मारत राहिला.

गावाला नाव मिळायला नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार होत्या, पण वेस उभी करायला कुणाला विचारायचं कारण नव्हतं. किशनरावांनी स्वतःच्या पैशानं दोन लोखंडी पाइप आणले, वर वाकवलेली पत्र्याची कमान, कमानीवर रंगाऱ्याकडून दोन्ही बाजूंना वाघ. रंगाऱ्यानं आजवर दुकानाच्या पाट्याच रंगवल्या होत्या, त्यामुळे वाघ बिस्किटाच्या पुड्यावरच्या मांजरासारखे निघाले. चालतंय. वाघ कुणी मोजायला येत नाही.

आता प्रश्न कमान कुठं रोवायची. सरळ हिशोबानं गल्लीच्या तोंडाशी. पण तिथं रस्ता रुंद होता, पाइप पुरत नव्हते. शिवाय एका बाजूला नाली. शिवाय तिथून ट्रक वळतो, धक्का लागंल. शिवाय सांबप्पा म्हणाला, पाणी साचतंय. अशी एकेक अडचण निघत गेली आणि कमान एकेक कदम आत येत गेली, आणि येता येता एक घर ओलांडून थांबली. जिथं थांबली ती जागा खरंच चांगली होती. टणक, कोरडी, दोन्ही बाजूंना भिंतीचा आधार. सगळ्यांनी मिळून सिमेंट ओतलं. कुणाच्या मनात काही नव्हतं. कुणीच काही ठरवलं नव्हतं. ह्या कामात असं कधी कुणाला काही ठरवावं लागतच नाही.

सूर्यभान संध्याकाळी ड्यूटीवरून आला. कमानीखाली उभा राहिला, वर वाघ बघितले, मग मागं वळून आपलं घर बघितलं. म्हणाला, “चला. आता खरं गाव झालं. गावकूस तेवढं ऱ्हायलं होतं.”

किशनराव हसले. त्यांना वाटलं, कौतुक करायलाय.

बायनाबाईंना त्याच क्षणी कळलं होतं. त्या रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला एवढंच विचारलं, की तानुबाईला उद्या हळदीकुंकवाला बोलवायचं झालं तर तिला गावातली म्हणून बोलवायचं का पावणी म्हणून. किशनराव म्हणाले, तू बाईमाणूस, तुला बांधकामातलं काय कळतंय. ह्या घरावर सिमेंटचा पहिला तगारा पडला तेव्हा बायनाबाई तापानं फणफणल्या होत्या आणि पंधरवडाभर भाकरी तानुबाईच्या चुलीवरून आली होती, हे त्या बोलल्या नाहीत. भाकर कुणाकडून आली हे किशनरावांना तेव्हाही विचारावंसं वाटलं नव्हतं. भूक लागलेली असली की त्यांच्यातला पाटील जरा उशिरा जागा व्हायचा.

नाव होईल तेव्हा होईल. वेस झाली. आता वेशीखालून बैल गेला की गाव पक्कं. पोळा जवळच आला होता, आणि ह्या पोळ्यासाठी किशनराव विशीपासून थांबले होते. तोरण, वाजंत्री, गल्लीतल्या सगळ्या बाया आरतीची ताटं घेऊन उभ्या, आणि मानाचा पहिला बैल किशनरावांचा. मागं दुसरा बैल नसला तरी चालंल. पहिला असला म्हणजे झालं.

फक्त बैल आणायचा होता. तेवढं काम त्यांनी शेवटाला ठेवलं होतं, कारण बैल म्हणजे काय, झरीत पायलीला पन्नास. ते मोठ्या ऐटीत झरीला गेले. त्यांच्या ओळखीचा कंडक्टर होता, त्यानं त्यांच्याकडून तिकिटाचे पैसेही घेतले नाहीत. बन्सीधर ओसरीवर बसून बैलांसाठी गोंडे वळत होता. आता तोही म्हातारा झाला होता. किशनरावांनी त्याला सगळं सांगितलं: नवी झरी, वेस, कमान, वाघ. बन्सीधरनं ऐकून घेतलं, पान लावून दिलं. मग किशनरावांनी बैल मागितला. एकच. आज न्यायचा, उद्या पोळा झाला की परवा परत.

बन्सीधरनं गोंडा खाली ठेवला.

“किशन्या, तुमच्या गावात पोळा कोणत्या तिथीला ऱ्हातो?”

“आमुशाला. काऊन?”

“आमचा बी आमुशालाच हाय.”

किशनरावांनी बोटांवर दिवस मोजायला घेतले.

“पोळ्याला कुणी बैल देतंय का रे? वर्षातून एक दिस त्याच्या मानेवर काई ठिवत न्हाईत, त्या दिवशी त्याला एसटीत बसवून परभणीला धाडू?” बन्सीधर आता मोकळेपणानं हसायला लागला. “आसं कर. तुझ्या गावाची आमुशा एक दिस म्होरं ढकल. मंग घेऊन जा. दोन घेऊन जा.”

शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या, पोळ्यापायी झुरलेल्या माणसानं एवढी साधी गोष्ट विसरावी! पण गाव कमानीपासून बांधायला घेतलं की बैल असाच शेवटी आठवतो. परतीच्या गाडीत किशनराव खिडकीशी बसले. कंडक्टरनं विकासनगरसमोर त्यांच्यासाठी एक टोला मारला, गाडी थांबली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या गावाला गाडी थांबली, आणि किशनरावांना ते कळलंसुद्धा नाही. ते खाली उतरले ते समोर बघतच, कारण समोर, गल्लीच्या तोंडाशी, वेशीच्या अलीकडं, सूर्यभानच्या अंगणात बैल उभा होता.

कवड्या. परभणीतल्या ह्या भागातल्या एकूण एका घराची वाळू, विटा, गिट्टी ज्याच्या मानेवरून आली तो लिंबाजीचा बैल. जोडीदार दुष्काळात गेला, तेव्हापासून एकटाच छकड्याला. किशनरावांचं घरही त्यानंच ओढून आणलं होतं. इतक्या वर्षांत किशनरावांना तो बैल म्हणून कधी दिसलाच नव्हता. तो त्यांच्या लेखी वाळू होता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. लिंबाजी लोणी आणि हळद घेऊन कवड्याचा खांदा चोळत होता. वर्षभर जू जिथं घासतं तिथं कातडं लाकडासारखं झालं होतं. किशनराव अंगणात येऊन उभे राहिले. ह्या अंगणात ते आजवर वायर न्यायला आले होते, तेवढंच.

“लिंबाजीराव, बरं चाललंय ना?” ते म्हणाले.

लिंबाजीचा हात क्षणभर थांबला. कालपर्यंत ‘ए लिंबाजी, वाळू ओली हाय, माप बराबर टाक’ असं होतं. राव आज लागला.

“बसा, कंडक्टरसाहेब,” लिंबाजी म्हणाला. तानुबाईनं बाज टाकली, आत जाऊन चहा ठेवला. चहा आला. किशनरावांनी कपाकडं पाहिलं, बैलाकडं पाहिलं, आणि चहा पिऊन टाकला. मानासाठी माणसाला काय काय करावं लागतं.

त्यांनी गोष्ट गोल गोल फिरवून सांगितली. गावाचा पोळा. आपल्या सगळ्यांचा. कवड्या पहिला जाणार. लिंबाजीनं विचारलं, पहिला?

“पयला. त्याच्या म्होरं कुणी न्हाई.”

“आमच्या गावात आमचा बैल सगळ्याच्या मागून जायचा,” लिंबाजी म्हणाला. “कदीकदी तोरण बी तोवर सोडून नेलेलं ऱ्हायचं.” तो हे तक्रार म्हणून म्हणत नव्हता, हात चोळण्यात होते. “आमच्या सूर्यभानचं म्हणणं हाय, सण सोडा हे. म्या म्हन्लं, बाबा, दीक्षा म्या घेतली, बैलानं घेतलेली न्हाई. त्याला वर्षाचा एक दिस ऱ्हाऊ दे.”

“तेच तर म्हन्तो म्या,” किशनराव पुढं सरकले. “तुमचा बैल, वाजंत्री माझी. येशीखालून निघाला की सरळ माझ्या दारात. तिथं बायनाबाई ओवाळंल, पुरणपोळी चारंल. पंचक्रोशी बघंल.”

“मंग?”

“मंग तुमी त्याला घरी घेऊन जा.”

लिंबाजीनं हळदीचा हात बैलाच्या पाठीवर ठेवला आणि बराच वेळ विचार केला. खरंच विचार केला. त्याच्या तोंडावर चेष्टा नव्हती.

“एक अडचण हाय, कंडक्टरसाहेब. पोळ्याला बैल येशीभायरून आत येतो, आन् आतच ऱ्हातो. आत त्याचं घर असतं म्हनून येतो. ह्याचं घर हितं हाय. म्हंजे ह्यानं भायरून आत जायचं, जेवायचं, आन् पुन्ना भायर यायचं. ह्याला पोळा म्हन्तेत का?”

“ते काई मनावर घेऊ नका. कमान हाय ती. शोभेची.”

“शोभेची हाय तर दोन कदम म्होरं घ्या की,” दारातून तानुबाई म्हणाली. “आमच्या दाराच्या म्होरं. बैल आमी देतो, हळदीसकट, झुलीसकट.”

“शिमिट बसलंय, बाई.”

“बसलंय, का तुमी बसवलंय?”

किशनराव उठले. त्यांनी लिंबाजीकडं पाहिलं, आता लिंबाजीनं मोठ्या माणसासारखं सुनेला गप्प करावं म्हणून. लिंबाजी म्हणाला, उद्या बघू. त्यानं नाही म्हटलं नव्हतं. किशनरावांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला. उमरभर त्यांनी गाडीत बोटं दाखवून ‘हाफ, फुल’ विचारलं होतं. जो बोलला नाही त्याला फुल.

दुसऱ्या दिवशी तोरण बांधलं. वाजंत्रीवाले आले. बाया ताटं घेऊन आल्या. बायनाबाईंचं ताट सगळ्यात भरलेलं: पुरणपोळी, हळदकुंकू, तुपाचा दिवा. किशनरावांनी फेटा बांधला होता. त्यांनी पाइपावर दोनदा टोला मारला, टण टण, म्हणजे चला. वाजंत्री सुरू झाली. सगळे बघायला लागले. बैल आला नाही.

वाजंत्रीवाल्यांनी एक गत संपवली, दुसरी घेतली. लहान पोरांनी मातीचे बैल आणले होते, तेवढे कमानीखालून नाचवून झाले. सांबप्पाला किशनरावांची दया आली असावी. तो घरात जाऊन देव्हाऱ्यातला पितळी नंदी ताटात घेऊन आला. म्हणाला, “हा बी बैलच हाय, कंडक्टरसाहेब. लागला तर ऱ्हाऊ द्या.” किशनरावांनी त्याच्याकडं पाहिलं तशी त्यानं नंदीवर उपरणं टाकलं.

मग पलीकडून घुंगरं वाजली. सगळ्यांची तोंडं तिकडं वळली. सूर्यभानच्या अंगणातून लिंबाजी कवड्याला घेऊन बाहेर आला. शिंगं हिंगुळानं लाल, पाठीवर जुन्या लुगड्याची झूल, गळ्यात माळ. त्या जनावराच्या अंगाला वाळू नसल्यावर ते एवढं देखणं असेल असं गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. लिंबाजीनं त्याला चालवत आणलं, कमानीच्या दिशेनं आणलं, आणि आपल्या दारासमोर, रस्त्याच्या मधोमध, थांबवलं. तानुबाईनं तिथंच ताट आणलं.

“आणा, आणा, लिंबाजीराव,” किशनराव कमानीखालून म्हणाले. “आत आणा.”

“आणतो की,” लिंबाजी म्हणाला. “पण एक सांगा. येशीखालून जाताना पुकारा करतेत, कुणाचा बैल म्हनून. काय पुकारणार?”

वाजंत्री थांबली होती. किशनरावांनी तोंड उघडलं. विशीपासून जो पुकारा त्यांनी मनात घोळवला होता तो अगदी जिभेवर आला होता: पाटलाचा बैल. लिंबाजीच्या हातातला कासरा बघून त्यांना झरीच्या रांगेतला तो कासरा आठवला, आणि बन्सीधरचा हात. पण आठवण यावी आणि शहाणपण यावं ह्या दोन्ही गाड्या एकाच वेळी सुटत नाहीत.

“मानाचा,” ते म्हणाले.

“मान कुणाचा?”

“गावाचा.”

“बरं हाय,” लिंबाजी म्हणाला. “मंग गावालाच हितं येऊ द्या. ह्याचा पोळा हितंच हाय.” आणि त्यानं कासरा बैलाच्या खांद्यावर टाकून दिला. बैल जागचा हलला नाही. त्याला घर माहीत होतं.

किशनराव वळले. गल्लीतली माणसं कमानीखालून एकेक करून वाकून पुढं बघायला लागली होती; ज्यांना दिसत नव्हतं ती जरा पुढं सरकत होती. आणि बायनाबाई ताट दोन्ही हातांत धरून चालायला लागल्या होत्या. दिव्याची ज्योत वाऱ्यानं हलत होती म्हणून हळू, पण चालत होत्या.

“कुठं जायलीस?” किशनराव दबक्या आवाजात म्हणाले. “ताट येशीच्या आत ऱ्हातंय. अगं, दस्तूर हाय. मानाचं ताट असं भायर नेतेत का?”

बायनाबाई त्यांच्या फेट्याजवळून गेल्या, तोरणाची पानं त्यांच्या पदराला लागली.

“बायना. लोक बघायलेत. कुठं जायलीस, म्हन्तो ना म्या.”

त्यांनी पाइपावर एकदा टोला मारला. टण. एक टोला म्हणजे थांबा.

बायनाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि वेशीबाहेर गेल्या.